दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ: स्वतः कसा काढायचा

लंडन ते न्यूयॉर्क अंतर जाताना जितकं, तितकंच येताना. तरी विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सातच तास दिसतात. अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळावर तिसराच आकडा मिळतो, आणि प्रत्यक्ष प्रवास करून आलेला माणूस चौथा सांगतो. या चौघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो. कोण काय मोजतंय हे एकदा कळलं, की जगातल्या कुठल्याही दोन शहरांसाठी कागदावर वीस मिनिटांच्या फरकाने बरोबर येणारा अंदाज तुम्ही स्वतः काढू शकता. त्यासाठी शाळेतल्या त्रिकोणमितीपेक्षा जास्त काही लागत नाही.

पहिली पायरी: बिंदू नक्की करा

‘दोन शहरांमधलं अंतर’ म्हणताना नेमक्या कुठल्या दोन बिंदूंमधलं, हे आधी ठरवावं लागतं. बरीच संकेतस्थळं शहराचा मध्य धरतात, पण विमान तिथून उडत नाही. टोकियोचंच बघा. नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे, तर हानेदा शहराला लागूनच. लांबच्या प्रवासात हा फरक विमानाच्या वेळेत फारसा जाणवत नाही, मात्र दारापासून दारापर्यंतच्या वेळेत तो तासाभराचा होतो. म्हणून शहराऐवजी विमानतळ धरा, आणि तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत बघूनच धरा. ऑस्ट्रेलियात सिडनी आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातही आहे, आणि त्यालाही विमानतळ आहे. सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि त्याच नावाचं मोठं शहर कॅलिफोर्नियातही आहे.

विमानतळ ठरला की त्याचे अक्षांश-रेखांश घ्या. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली चिन्हाची. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही: अंश-कला आणि दशांश यांची सरमिसळ. १२ अंश ५८ कला म्हणजे १२.५८ अंश नव्हे. एका अंशात ६० कला असतात, त्यामुळे ५८ ला ६० ने भागायचं आणि उत्तर येतं १२.९७. ही एकच चूक अक्षांशात झाली तर ४० किलोमीटरहून जास्त फरक पडतो.

दुसरी पायरी: गोलावरचं अंतर काढा

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. बृहद्वृत्त म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर उमटणारं वर्तुळ. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल तो हा मार्ग.

सपाट नकाशा इथे फसवतो. आपल्या डोळ्यांना सवयीचा असलेला मर्केटर प्रक्षेपाचा नकाशा १५६९ सालचा, समुद्रावर दिशा धरून जहाज हाकणाऱ्यांसाठी केलेला. त्यावर दिशा बरोबर राहते, पण ध्रुवांकडे जावं तसा प्रदेश फुगत जातो. त्यामुळे टोकियो–न्यूयॉर्क विमान अलास्काकडे का वळतं, असा प्रश्न पडतो. खरं तर ते वळत नाही. सरळच जातं, वाकडा नकाशा आहे. याचा किलोमीटरमधला हिशोब बघायचा तर माद्रिद आणि न्यूयॉर्क घ्या. दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ४० अंशांच्या थोडं वर. त्या अक्षांशाला धरून सरळ पश्चिमेला गेलात तर सुमारे ५,९४० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्ताने उत्तरेकडून कमान घेत गेलात तर सुमारे ५,७७०.

आता सूत्र. दोन ठिकाणांमधला केंद्राशी होणारा कोन ‘क’ धरला, तर:

कॉस(क) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × कॉस(रेखांशांतला फरक)

हा कोन अंशांत काढून त्याला १११.१९५ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की बृहद्वृत्ताच्या एका अंशाची लांबी एवढी येते.

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जेएफके घेऊन करून बघू. हीथ्रो ५१.४८ उत्तर, ०.४६ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३२ अंश.

साइन ५१.४८ = ०.७८२४ आणि साइन ४०.६४ = ०.६५१३. गुणाकार ०.५०९६.
कॉस ५१.४८ = ०.६२२८, कॉस ४०.६४ = ०.७५८८, कॉस ७३.३२ = ०.२८७०. तिघांचा गुणाकार ०.१३५६.
बेरीज ०.६४५२. ज्या कोनाचा कॉस ०.६४५२ आहे तो कोन ४९.८२ अंश.
४९.८२ × १११.१९५ = सुमारे ५,५४० किलोमीटर.

चांगल्या संकेतस्थळावर हेच अंतर ५,५५५ च्या आसपास दिसेल. वरचे १५ किलोमीटर कुठून आले? पृथ्वी नेमका गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांकडे ६,३५७. हा चपटेपणा धरून अंतर काढण्याची रीत थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली मांडली आणि अनेक गणकयंत्रं आजही ती वापरतात. फरक पाव टक्क्याच्या आसपासचा. विमानाच्या भाषेत मिनिटभराचा. प्रवासाच्या नियोजनासाठी त्यामागे लागू नका.

स्प्रेडशीटमध्ये सूत्र घालणार असाल तर अंशांचं रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) रूपांतर करायला विसरू नका, कारण तिथली साइन-कॉस फलनं रेडियनच मागतात. आणि ठिकाणं अगदी जवळ, शे-दोनशे किलोमीटरवर असतील, तर चार दशांशांवर हे सूत्र डळमळतं: छोट्या कोनांचे कॉस सगळे ०.९९ च्या पुढेच असतात. तिथे साधी रीत बरी. अक्षांशांतल्या फरकाला १११ ने गुणा. रेखांशांतल्या फरकाला १११ ने आणि मधल्या अक्षांशाच्या कॉसने गुणा. मग पायथागोरस.

आकडा आयता घेतलात तर एकक बघून घ्या. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा. साधा मैल १.६०९ चा. हीथ्रो–जेएफके अंतर जवळजवळ ३,००० नॉटिकल मैल आहे आणि तेच ३,४५० साधे मैल. नुसतं ‘मैल’ लिहिलेला आकडा चुकीच्या गुणकाने बदलला तर पंधरा टक्क्यांची चूक घरबसल्या होते, आणि पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा राहतो.

तिसरी पायरी: विमान खरोखर कुठून जातं ते बघा

बृहद्वृत्त हा किमान आकडा आहे. त्याहून कमी कुणीही उडू शकत नाही, आणि नेमकं तेवढंच उडणारं विमान विरळाच. उड्डाणानंतर वाऱ्याच्या दिशेनुसार वळावं लागतं, ठरलेल्या हवाई मार्गांना मिळावं लागतं, उतरताना रांगेत यावं लागतं. यासाठी मी तीन ते पाच टक्के वाढवून धरतो. छोट्या प्रवासात टक्केवारी जास्त, लांबच्या प्रवासात कमी.

पण काही मार्गांवर हे प्रमाण पार कोलमडतं, आणि ते मार्ग ओळखता यायला हवेत. पहिलं कारण बंद आकाश. हेलसिंकी–टोकियो विमान २०२२ च्या सुरुवातीपर्यंत रशियावरून साडेनऊ तासांत जायचं. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन तेरा तासांच्या घरात गेला. शहरं हलली नाहीत, बृहद्वृत्त तेच राहिलं, वेळ मात्र तीन तासांहून जास्त वाढला. संकेतस्थळावरचं गणकयंत्र मात्र हे जाणत नाही. ते आजही जुनाच वेळ दाखवेल.

दुसरं कारण डोंगर. तिबेटच्या पठारावरून फार थोडे मार्ग जातात. केबिनमधला दाब गेला तर विमानाला सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे.

तिसरं कारण दोन इंजिनांच्या विमानांचा नियम. एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत जवळचा विमानतळ गाठता आला पाहिजे, असा मार्ग त्यांना घ्यावा लागतो. ही मर्यादा १९८५ साली काही विमानांसाठी १२० मिनिटांवर गेली, पुढे १८० आणि आणखी वर. आता उत्तर अटलांटिकवर तिचा फारसा अडसर होत नाही. दक्षिण पॅसिफिकवर मात्र अजूनही तिचा विचार करावा लागतो, कारण तिथे खाली विमानतळच नाहीत.

चौथी पायरी: गती धरा, पण सगळ्या अंतराला एकच नको

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखी लांब पल्ल्याची विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. म्हणजे विमानाची गती ताशी ९०० च्या आसपास. ए३२० आणि ७३७ सारखी मध्यम विमानं ०.७८ ने जातात, ताशी ८३०. पंख्यांची एटीआर ७२ ताशी ५०० च्या जवळपास.

ही गती फक्त मधल्या सपाट भागातली. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि उतरण सुमारे २०० किलोमीटर आधीच सुरू होते. शिवाय अनेक देशांत ३,००० मीटरच्या खाली ताशी साधारण ४६० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. म्हणून अंतर भागिले गती एवढंच करू नका. अंतराला पूर्ण गतीने भागा आणि चढ-उतार व जमिनीवरची धाव यांचे मिळून अर्धा तास ते चाळीस मिनिटं वर घाला. लंडन–पॅरिस विमानतळांमधलं अंतर जेमतेम ३५० किलोमीटर. नुसता भागाकार पंचवीस मिनिटं सांगतो. वेळापत्रकात सव्वा तासाहून कमी सहसा दिसत नाही. गणकयंत्रं सर्वांत जास्त फसतात ती अशा छोट्या प्रवासात.

पाचवी पायरी: वारा

जाण्यायेण्याच्या वेळेतला मोठा फरक वाऱ्याचा असतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा अरुंद, वेगवान पट्टा असतो, तो जेट प्रवाह. त्याची गती ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असते. हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातला फरक वाढतो, तसा तो आणखी जोर धरतो आणि तीनशेच्याही पुढे जातो. विमानाची गती मोजायची ती हवेच्या तुलनेत. हवा स्वतःच पुढे धावत असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला विमान तेवढं जास्त वेगाने जाताना दिसतं. प्रवाहाच्या दिशेने पोहणाऱ्यासारखंच हे.

९ फेब्रुवारी २०२० ला सियारा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याची गती ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेली होती. तरी त्याने आवाजाची भिंत ओलांडली नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच गतीने उडत होतं.

हिशोबात वारा कसा घ्यायचा? मध्यम अक्षांशांवर, म्हणजे साधारण ३० ते ६० अंशांदरम्यान, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या लांब मार्गासाठी सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा धरा. पूर्वेला जाताना तो गतीत मिळवा, पश्चिमेला जाताना वजा करा. हिवाळ्यात शंभराच्या वर धरा, उन्हाळ्यात पन्नास-साठ. दक्षिण गोलार्धातही वारे पश्चिमेकडूनच वाहतात, त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून चिलीच्या सँतियागोला जायला कमी वेळ आणि परतायला जास्त. विषुववृत्ताजवळ किंवा उत्तर-दक्षिण मार्गावर ही दुरुस्ती जवळपास सोडून द्यायला हरकत नाही. सिंगापूर–पर्थ प्रवासाला दोन्हीकडून पाच तासांच्या आसपासच लागतात.

आता लंडन–न्यूयॉर्क पुरं करू. ५,५५५ किलोमीटरमध्ये तीन टक्के मिळवले, सुमारे ५,७२०. पश्चिमेला जाताना गती ९०० वजा ८०, म्हणजे ८२०. भागाकार सहा तास ५९ मिनिटं, वर चाळीस मिनिटं, एकूण सात तास ३९ मिनिटं. पूर्वेला येताना गती ९८०. पाच तास ५० मिनिटं अधिक चाळीस, साडेसहा तास. वेळापत्रकात आठ आणि सात आहेत. उरलेली वीस-तीस मिनिटं कंपन्यांनी राखून ठेवलेली असतात.

हा राखीव वेळ समजून घेण्यासारखा आहे. वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतचा असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, उतरल्यानंतर विमानाची गेटपर्यंतची जमिनीवरची वाटचाल आली. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर पोल्डरबान या धावपट्टीवर उतरलात तर टर्मिनलपर्यंत यायलाच वीसेक मिनिटं जाऊ शकतात. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान वेळेवर आलं असं मानण्याची पद्धत आहे, त्यामुळे कंपन्या वेळ थोडा सैल धरतात. अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान बरोबर वेळेवर पोचतं ते या सैलपणामुळे. म्हणून सुटायला उशीर झाला तरी पुढचं विमान चुकणार असं लगेच समजू नका.

सहावी पायरी: घड्याळ

तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. त्यांची थेट वजाबाकी केली की उत्तर चुकतंच. खात्रीची रीत एकच: दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर संदर्भासाठी धरलेल्या प्रमाण वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

टोकियोहून विमान संध्याकाळी ५ वाजता सुटलं. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणजे यूटीसी सकाळी ८. लॉस एंजेलिसपर्यंत दहा तास धरले, यूटीसी संध्याकाळी ६. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात यूटीसीच्या ७ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे ११. तारीख तीच. निघालात त्याच्या सहा तास ‘आधी’ पोचलात. तिकडचं हॉटेल आरक्षित करताना आणि भेटीची तारीख देताना हे ध्यानात ठेवा. परतीच्या प्रवासात उलट घडतं आणि कॅलेंडरवरचा एक दिवस गायब होतो.

आंतरराष्ट्रीय वाररेषेचं टोकाचं उदाहरण म्हणजे सामोआ आणि अमेरिकन सामोआ. विमानाने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, पण घड्याळात २४ तासांचा फरक. सामोआने २०११ च्या अखेरीस रेषेची बाजू बदलली आणि त्या देशात ३० डिसेंबर २०११ हा दिवस उगवलाच नाही.

उन्हाळी वेळेच्या, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करण्याच्या तारखांवरही लक्ष ठेवा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाचऐवजी चारच तासांचा फरक असतो. शरद ऋतूत एक आठवडा असाच येतो. गेल्या महिन्यात पाठ केलेला फरक या दिवसांत वापरू नका. आणि सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात: भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

थांबा असेल तर

दोन विमानांचा प्रवास असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढा. चढ-उताराची चाळीस मिनिटं दोनदा मोजली जातात, आणि मधलं शहर वाटेपासून किती बाजूला आहे त्यावर अंतरही वाढतं. दोन टप्प्यांची बेरीज थेट अंतराच्या सव्वापटीहून जास्त येत असेल तर दुसरा थांबा शोधून बघावा, असं माझं मत आहे. मधल्या थांब्यासाठी विमानतळ जो किमान वेळ सांगतात तो सगळं सुरळीत चालल्यास पुरतो. टर्मिनल बदलायचं असेल, सुरक्षा तपासणी पुन्हा असेल किंवा दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर किमान वेळेच्या दुप्पट ठेवा. वेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते.

शेवटची पडताळणी

आपला आकडा काढून झाला की फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या मार्गाच्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांचे प्रत्यक्ष सुटण्याचे आणि उतरण्याचे वेळ तिथे दिसतात. एका दिवसाचा आकडा घेऊ नका, सात-आठ दिवसांचे घ्या आणि चढत्या क्रमाने लावून मधला निवडा. तिथला वेळ बहुतेकदा हवेतला असतो, त्यामुळे गेट ते गेट हवं असेल तर वीस मिनिटं वाढवा. तुमचा अंदाज आणि हा आकडा यांत अर्ध्या तासाहून जास्त फरक पडला तर नकाशावर विमानाची प्रत्यक्ष वाट उघडून बघा. बहुधा कुठलं तरी आकाश टाळलेलं दिसेल, नाहीतर वारा त्या आठवड्यात जोरात असेल. प्रवास सहा महिन्यांनंतरचा असेल तर आजचे आकडे उलट ऋतूतले आहेत हे लक्षात घ्या आणि शक्य झाल्यास गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या वेळापत्रकाशी ताडून बघा.